पायाला लागलेलं पुस्तक

लेक साक्षरतेवर पीएचडी करतेय. तिचे संदर्भ सगळे लॅपटॉपवर; आज मात्र लायब्ररीतून एक जुनं पुस्तक आणलंन. त्याचा दमट वास आला आणि मी थेट अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या लायब्ररीच्या तळघरात पोचले.

तेव्हा माझ्याही पीएचडीचा विषय तोच. एका संदर्भावाचून प्रकरण अडलेलं. लायब्ररियनबाईंनी शोधून दिलेलं पुस्तक निसटून माझ्या बुटावर पडलं. मी पटकन उचलून कपाळाला लावलं.

"इतकी गरज होती?" म्हणत त्यांनी आणखी चार पुस्तकं आणून दिली. पायाला लागलं म्हणून कपाळाला लावलं, हे सांगायचीही तेव्हा लाज वाटली.

इतक्यात इकडे फोनवर बोलणाऱ्या लेकीच्या पायाला ते जुनं पुस्तक लागलं. "वन सेकंड," ती म्हणाली, पुस्तक कपाळाला लावलं आणि पुढे इंग्रजीत बोलत राहिली.