लाकडी मुठीचा मोर
स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला की मला घाटकोपरचं ते हस्तकलेच्या सामानाचं दुकान आठवतं. नातीच्या बारशाची आमंत्रणं बायकोला नेहमीसारखी हातानं रंगवायची होती, पण त्या वर्षी तिचा हात थरथरू लागला होता, म्हणून आम्ही मोराचा ठसा घ्यायला गेलो. पारदर्शक ठोकळ्यावर चिकटवलेला पारदर्शक ठसा पाहून मी हरखलोच. “हाच घेऊ! आरपार दिसतं, कुठे उमटणार ते कळतं!” तिनं करून पाहिलं, पण तो गुळगुळीत ठोकळा बोटांत ठरेना आणि मोर तिरका पडला. “अहो, हा मोर तर झिंगलाय,” म्हणत तिनं लाकडी मुठीचा ठसा उचलला. “तो पोस्टातला वाटतो गं,” मी म्हटलं. तिनं मूठ घट्ट आवळली, दाबली, उचलली आणि अख्खा पिसारा स्वच्छ उमटला! “बघा!” ती एवढ्यानं ओरडली की सगळं दुकान हसलं. बारशाला मात्र ठसा मीच शोधला असं समजून सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि तिच्यादेखत मी ते खुशाल घेतलं. नात अजून त्याला ‘आजोबांचा ठसा’ म्हणते. आज तिला सांगून टाकलं, तो आजीनं निवडला. “मग तू काय केलंस?” “पिशवी धरली.”