मामा वेळेवर आले होते

चूक माझी होती हे आधीच सांगतो, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली आहे. ते माझ्या बायकोचे मामा. गावाला निघालेल्या माणसाला त्यांच्याइतका जीव लावून निरोप देणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात त्यांचं सगळं आयुष्य ट्रक रवाना करण्यात गेलं. ताडपत्री ताणायची, दोर ओढून बघायचा, चाकांवर पाणी ओतायचं आणि ट्रक अमरावती रोडला लागून दिसेनासा झाला की मगच चहा प्यायचा. निवृत्तीनंतर ट्रक सुटले, सवय सुटली नाही. मग त्यांनी नातेवाईक रवाना करायला घेतले.

कोणी कुठंही निघालं की मामा हजर. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, स्कूटरच्या हुकाला दह्याचा डबा आणि डिक्कीत नायलॉनची दोरी. बॅग कितीही भारी असो, दोरी बांधल्याशिवाय तिला उंबरठा ओलांडता येत नाही. बॅगेला चेन आहे, कुलूप आहे, असं मी एकदा बोलून पाहिलं. "चेनचा काय भरवसा जी जवाईबापू?" गुडघा बॅगेवर दाबून गाठ आवळत मामा म्हणाले, "दोरी पाहून चोरालेही समजते, याच्या मागं कोणीतरी माणूस हाये." मग तळहातावर दही-साखर, मग चाकांवर पाणी. एकदा त्यांनी ऑटोच्या चाकांवर तांब्या रिकामा केला तेव्हा ऑटोवाला घाबरून खाली उतरला, "क्या हुआ काका, पंचर है क्या?" त्यालाही त्यांनी दही दिलं. एका खेपेला आम्हाला गाडीत बसवल्यावर त्यांना पुढच्या खिडकीत एक म्हातारा एकटा बसलेला दिसला. आमच्या चिवड्यातला अर्धा त्यांनी त्याला काढून दिला आणि गाडी सुटल्यावर आमच्याऐवजी त्यालाच हात हलवत राहिले. परत आल्यावर बायको रुसली, तर म्हणाले, "काहून वं रागावतं? तुमाले मी आलो होतो. त्याले कोणीच नव्हतं आलं."

या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा परदेशी निघालो. मुलगी जर्मनीत असते. तिनं सुट्टीसाठी एका तळ्याकाठी भाड्यानं घर घेतलं होतं. मी नव्या निळ्या बॅगा आणल्या होत्या आणि विमानतळावर त्या दोरीत आवळलेल्या दिसाव्यात हे मला नको होतं. विमान सकाळचं होतं. मी मामांना संध्याकाळचं सांगितलं. निघताना बायको फाटकापाशी घुटमळत होती. "मामा कसे नाही आले?" मी म्हटलं, "सांगितलं होतं मी, विसरले असतील." हे दुसरं खोटं.

मामा संध्याकाळी आले. नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळसुद्धा तव्यासारखी असते. बंद फाटकासमोर ते दह्याचा डबा घेऊन किती वेळ उभे होते कोण जाणे; शेजाऱ्यांनी अखेर त्यांना आत बोलावून पाणी दिलं. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी स्वतःच लिहिलं, "मीच वेळ चुकलो. वय झालं." त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुढच्या महिन्यात बायकोच्या भाच्याचं लग्न, वऱ्हाड पारशिवनीला जायचं. आमच्याकडे वऱ्हाडाची बस मामाच हलवतात. शेवटचा माणूस चढल्याखेरीज ड्रायव्हरला गिअर टाकू देत नाहीत. आता कोणीतरी लिहिलं, "या वेळी बस मामांच्या भरवशावर नको, नवरदेव इथंच राहायचा." सगळे पुन्हा हसले. मामांनी फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं.

तेव्हापासून माझं इथं तळ्याकाठी चित्त नाही. इथले लोक मुद्दाम उन्हात लोळतात, आणि सूर्य जेवणं उरकली तरी मावळत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, काहीच न करणं म्हणजेच सुट्टी." मी टॉवेलांच्या घड्या घालतो, मोडतो, पुन्हा घालतो. रिकाम्या बॅगांच्या चेना तपासतो. काही सुचेना म्हणून मी बोटीच्या धक्क्यावर जाऊन बसू लागलो. बोटी भरून जातात, पण पोचवायला कोणी आलेलं नसतं. काल एका बोटीत एक बाई एकटीच कठड्याशी उभी होती. माझा हात आपोआप वर गेला. तिनं आधी मागं वळून पाहिलं, मग संकोचत हात हलवला, आणि बोट लहान होईपर्यंत हलवत राहिली.

तिथंच शेजारी बसलेल्या बायकोला मी सगळं सांगितलं. तिनं माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "मले काय सांगता? त्यायले सांगा."

मी फोन लावला. मामांनी ऐकून घेतलं. "माहीत हाये जी मले," ते म्हणाले. "तुमचे शेजारीच बोलले, सकाळीच गेले म्हणून."

"मग ग्रुपवर तसं का लिहिलंत?"

"जवायाले खोटं पाडू काय चार लोकांत? हसतात तर हसू द्या मले, घरचाच माणूस हाओ मी. तुमी काही लिहू नका, माझी आण हाये." मग हळूच, "फक्त दोरी नको होती तर सांगून द्यायचं होतं. मी दहीच आणलं असतं."

त्यांची आण मी मोडली. भाच्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे ज्या ग्रुपवर आहेत, तिथंच मी लिहिलं: "मामा वेळेवर आले होते. विमान सकाळचं होतं, मी त्यांना संध्याकाळचं सांगितलं, कारण बॅगेला बांधलेल्या दोरीची मला लाज वाटत होती. पारशिवनीची बस मामांनी सोडल्याशिवाय मी तिच्यात बसणार नाही. मामा, मला माफ करा."