तारापूरची उन्हाची फुलं आणि आईचा मुक्काम

दिवाळीनंतर आई आठ दिवसांसाठी म्हणून कुमुदकडे तारापूरला गेली, ती संक्रांत उलटली तरी परत यायचं नाव काढीना. कुमुद माझी धाकटी बहीण. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे नाशिकला असायची, आणि तिचं सगळं मी हातावर झेलायचे. आता तिची कार्डं यायची आणि प्रत्येक कार्डात कुमुदच्या अंगणातली फुलं. माझ्या गुलाबांबद्दल आई कधी एवढं बोलली नव्हती. शेवटच्या कार्डात ‘इथे वेळ फार छान जातो’ एवढं वाचलं आणि मी ह्यांना सांगून टाकलं की मी तिला आणायला जातेय.

ही साठच्या दशकातली, तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या ब्लॉगवर अलीकडे बरेच जण गझानियाची फुलझाडं बियांपासून कशी लावायची ते विचारतात. त्यांना उत्तर द्यायला बसले आणि तो प्रवासच आठवला.

कुमुदचे यजमान त्या बांधकामावर सुपरवायझर होते. तिथल्या एका परदेशी इंजिनिअरच्या बायकोला कुमुदने पडदे शिवून दिले, तेव्हा त्या बाईने गझानियाच्या बियांचं पाकीट दिलं. गणपतीत भेटलो तेव्हा कुमुदने त्यातल्या अर्ध्या बिया मला दिल्या. कुमुदच्या हातून तुळससुद्धा जगत नसे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाग म्हणजे मी. मी शेणखत आणि पालापाचोळा घालून कुंड्या भरल्या, पारिजातकाखाली सावलीत ठेवल्या, दोन्ही वेळा पाणी घातलं. रोपं आली आणि एकेक करून माना टाकून बसली. तिकडे कुमुदकडे म्हणे नुसता फुलांचा बहर. तिने ठणठणीत बिया स्वतःकडे ठेवून मला किडक्या दिल्या, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहाटेची एसटी धरली. त्र्यंबक, मोखाडा करत जव्हार, तिथे बस बदलायची. हा रस्ता आजही जरूर करा, पण पोट हलकं ठेवून. घाटातली वळणं तेव्हा फारच बेताल होती. जव्हारच्या स्टँडवर गरम भजी आणि चहा घेतला. पुढच्या बसमध्ये एक कुटुंब चढलं. पोरं, भांडी, घोंगड्या, कुदळ, सगळा संसार बरोबर. डोंगरावरचं भात कधीच संपलं होतं आणि पावसापर्यंत ते बांधकामावर मजुरीला निघाले होते. त्यातली बाई माझ्याशेजारी टेकली. तुम्ही कुठे, असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, तारापूरला, आईला आणायला.

“तुमची आय पन तिथं कामावर हाय का?”

मी चांगलीच फणकारले. माझी आई कशाला कामावर जाईल, तिला आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही, असं तिला सुनावलं. ती मनोर येईपर्यंत माझ्याकडे जरा दयेनेच बघत राहिली.

मनोरला उसळपाव खाल्ला, पालघरला उतरले, तिथून गाडीने बोईसर. स्टेशनाबाहेर सिमेंटचे ट्रक, धूळ आणि चारी बाजूंनी हिंदी. टांगेवाल्याशी हुज्जत घालून निघाले. सालवड गाव मागे पडलं तसा खारा वारा लागला आणि त्याच्यामागून सुक्या मासळीचा वास. आमच्या घरात मासळीचं नावही कुणी घेत नसे. आई इथे तीन महिने जेवते तरी कशी, या विचाराने मला आशा वाटू लागली. नाक दाबून का होईना, ती माझ्याबरोबर निघणार.

कुमुदने हिराबाई नावाच्या कोळणीच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांच्यावर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. कुंपणाच्या कडेने वाळूत ती प्रसिद्ध झाडं होती. वीतभर उंचीची, बारीक पानांची, आणि फुलं सगळी मिटलेली, छत्र्या गुंडाळून ठेवाव्यात तशी. एवढंच? खरं सांगते, त्या रात्री आईशेजारी पडले तेव्हा लागली तशी गाढ झोप मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

सकाळी कुमुदने हाक मारली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. मी बाहेर आले आणि उंबऱ्यावरच थांबले. कुंपणाची सगळी कड पेटल्यासारखी दिसत होती. नारिंगी, पिवळी, काही गर्द तांबूस, प्रत्येक पाकळीवर ओढलेली रेघ आणि मध्ये काळं कडं. एकही फूल मान खाली घालून नव्हतं. माझ्या पोटात असं काही दुखलं की विचारू नका. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या फुलांशेजारी स्टुलावर माझी आई बसली होती, हातात लांब काठी घेऊन, आणि हिराबाईच्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती.

मी कुमुदला स्वयंपाकघरात गाठलं. आधी बियांचं विचारलं. मला किडक्या का दिल्यास? तिला काही कळेचना. मग तिने सांगितलं की तिने मूठभर बिया न बघताच कागदात बांधल्या होत्या. लावल्या त्याही अशाच. दसऱ्यानंतर करवंट्यांत वाळू भरली, बिया पेरून वर नखभर वाळू पसरली, अंधार हवा म्हणून गोणपाट टाकलं, कोंब दिसल्यावर काढलं. चार-चार पानं आल्यावर रोपं कुंपणाशी लावली. बस्स.

आणि पाणी?

“पाणी घालायला मिळतंय कुठं, ताई? हिराबाई घालू देईल तर ना.”

हिराबाई दारातच उभी होती. तिने मान डोलावली. “हितं पानी नाय सांडायचं. आमचं बोंबील सुकतात. वल आली का किडं पडतात.”

खोल्या देतानाच तिची अट होती. मासळीच्या दिवसांत अंगण तिचं. सावलीचं झाड लावायचं नाही, पाणी सांडायचं नाही. रोपं रुजेपर्यंत कुमुदने चोरून चार ओंजळी घातल्या, नंतर तेही बंद. दिवसभराचं ऊन, वाळू आणि तहान, त्या फुलांना एवढंच हवं होतं. म्हणजे माझ्या बहिणीने काहीही केलं नव्हतं, आणि काहीही न करता ती जिंकली होती. तिने निदान मेहनत तरी घ्यायची, म्हणजे मी जरा कमी जळले असते.

दुपारी मी आईजवळ जाऊन बसले. पिशवी भर, उद्या निघू, म्हटलं. तिने एक कावळा हाकला. मी म्हटलं, हे काय आरंभलंयस, तुझ्या वयाला शोभतं का, आणि हा वास. ती म्हणाली, वासाची सवय होते. मग काठी मांडीवर आडवी ठेवून माझ्याकडे वळली.

“सुशे, तुझ्याकडे मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीस. इथं मी बसले नाही, तर हिराबाईचा दिवस वाया जातो.”

मला रडूच आलं. मी तिला जपत होते, त्यात माझं काय चुकलं, असं मी म्हटलंही. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेवढ्यात कावळा आला म्हणून तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतले. कुमुदने स्टेशनपर्यंत सोबत केली. माझ्या पदराच्या टोकात तिने वाळलेल्या बोंडांतल्या बिया बांधून दिल्या होत्या, कापसासारख्या लव असलेल्या. या वेळी मी त्या निरखून घेतल्या. तिच्याशी धड बोलले नाही. गाडी हलली तेव्हा ती हात हलवत होती, मी पदराची गाठ घट्ट करत होते.

पुढच्या दसऱ्याला मी गच्चीत पत्र्याच्या डब्यांना भोकं पाडून वाळू भरली आणि बिया लावल्या. पाणी घालायला हात शिवशिवायचा, तेव्हा खाली जाऊन गुलाबांना घालायचे. फाल्गुनात फुलं आली. कुमुदच्या फुलांपेक्षा लहान, हे मीच सांगते. तिने सांगायला नको. आईला कार्ड टाकलं, फुलं बघायला ये. ती आली, चहा घेतला, गच्चीत चढून डब्यांवरून नजर फिरवली, छान म्हणाली आणि कठड्याशी नुसती उभी राहिली.

मी खाली जाऊन उडदाच्या पिठाची परात आणली. आमच्याकडे पापड उन्हाळा चांगला तापल्यावर होतात, पण मी आदल्या दिवशीच पीठ भिजवून, कुटून ठेवलं होतं. घाईघाईने वेडेवाकडे चार पापड लाटून फुलांशेजारी चादरीवर टाकले आणि एक काठी तिच्या हातात दिली.

“आई, इथे कावळे फार येतात.”

तिने स्टूल मागितलं.