कडबोळ्यांसारखी ठेठरी

सुखवंतीन दाईचं नाव आधी लिहिते; छत्तीसगडीत दाई म्हणजे आई. नवा रायपूरच्या पलीकडे एका खेड्यात, तळ्याकाठच्या घरी ती ठेठरी-खुरमीचा सणाचा फराळ करून विकते. तिनं त्या दिवशी मला बसायला पाट दिला.

गाव सोडलं तेव्हा आई फाट्यापर्यंत आली होती. गाडीत बसल्यावर कडबोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "पोहचली का फोन करजो, माय." दहावी अर्धवट सोडलेली मी, लग्न होऊन रायपूरला निघालेली. पुढं बारा वर्षं रोज फोन झाला. यंदा उन्हाळ्यात आई गेली. मी पोहोचले तेव्हा तिला नेऊन अंगण झाडूनही झालं होतं. रडू आलं नाही. परत येऊन रायपुरातल्या पंडरीच्या कापडबाजारात, कामाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागले.

इकडे पोळ्यानंतर तीजेला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, माहेरचे लेकींना न्यायला येतात, साडी देतात. लोकांचे बाप, भाऊ रंग विचारत. मी दाखवत होते, बस्स.

त्याच दिवसांत साड्यांचे गठ्ठे पोचवायला दुकानाच्या टेम्पोतून गेले. परतताना ड्रायव्हर भैया म्हणाला, "दीदी, दो मिनट. घर के लिए ठेठरी ले लूँ." शेठ ओरडेल म्हणून माझा जीव वरखाली. दाई बेसनाच्या दोरीला पीळ देत होती. "बइठ, नोनी," असं लेकीला म्हणावं तसं म्हणत तिनं थोडं पीठ माझ्याकडं सरकवलं. मीही वळायला लागले.

भैया हसला. "ये ठेठरी है कि चूड़ी?"

पाहते तर पीळ द्यायचा सोडून मी टोकं जोडत बसले होते, आईच्या कडबोळ्यांसारखी. मोडायला गेले, तर दाईनं हात धरला.

"तोर दाई अइसने बनावय का?"

"हव."

"त झन मोड़. तीजा म मइके जाबे?"

"आता कोण नेईन मले?" मी मराठीतच बोलून गेले.

तिला कळलं. "मोला घलो कोनो लेगे बर नइ आवय, नोनी." तिलाही न्यायला कोणी येत नव्हतं; भाऊ वारल्यापासून महानदीपलीकडचं तिचं माहेर तिनं पाहिलं नव्हतं.

माझी कडबोळी तिनं वेगळी तळून कागदात बांधून दिली. टेम्पोत एक खाल्लं. मीठ कमी पडलं होतं. आई बोलली असती.

घरी आल्यावर सवयीनं फोन हातात घेतला आणि आईचा नंबर काढला. मग भैयाकडून दाईचा नंबर घेतला. "पोहचली," एवढंच म्हटलं.

"बने करे," बरं केलंस, ती म्हणाली.

पोहोचल्याचं जिला सांगावं वाटतं, ती असेल तिथं माझं घर. रडू अजून आलेलं नाही. पण एका तीजेला दुकानातली साडी घेऊन मीच दाईच्या दारात उभी राहीन, आणि तिला महानदीपार तिच्या माहेरी नेईन.