विमानाच्या फळीतला डाग

गोणपाटाचं विमान? मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, कुणीतरी तुम्हाला चांगलीच शेंडी लावतंय!" नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत लिंबायतीत राहायचो, हे जवळच उधन्याला कापडाच्या लूमवर कारीगर. यांच्या शेठकडे बडोद्याचा एक इंजिनीयर साहेब यायला लागला होता. त्याला तागाचं कापड हवं होतं. राळेत भिजवायचं, थरावर थर दाबायचे, की म्हणे विमानाच्या आतल्या भिंतीची फळी तयार. मला काही त्याचं खरं वाटेना. विमानं बनवणारा माणूस शटल रिक्षानं येतो होय?

त्याची अट एकच, कापडाला तेलातुपाचा न् कांजीचा स्पर्श नको, नाहीतर राळ धरत नाही. बिनकांजीचा ताग म्हणजे घडोघडी धागा तुटणार. पण हे हरखले होते. पोरीला सांगायचे, "तू विमानात बसशील ना, तेव्हा भिंत बापानं विणलेली असेल."

पुढे साहेब फळी घेऊन आला ती सुटलेली, थर नखानं निघत होते. शेठनं यांनाच धरलं. चोरून कांजी मारलीस म्हणाला, उद्यापासून येऊ नको. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. माझं डोकंच फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा! त्या साहेबाचीच राळ खोटी असणार. पदर खोचला आणि निघाले. मागून हे धावत, "कसाले जास तू तठे!"

फळी शेठच्या टेबलावरच होती, साहेबही अजून तिथंच. म्हटलं, दाखवा कुठे सुटली ती. साहेबानं वरचा थर उचलला. आतल्या कापडावर लालसर, तेलकट डाग. चार फाटे, टोकं वळलेली. व माय! स्वस्तिक!

नव्या बीमचं, म्हणजे ताण्याच्या नव्या रुळाचं, पहिलं कापड उतरलं, की तुपात कालवलेल्या कुंकवानं त्यावर स्वस्तिक काढायचं, ही तिथली रीत. आणि तो मान फक्त शेठचा. कारीगरानं त्या वाटीला बोटसुद्धा लावायचं नाही. सगळ्या कारखान्याला हे ठाऊक होतं, साहेबाला तेवढं नव्हतं.

"ये किसने किया?" साहेबानं विचारलं.

शेठ यांच्याकडे बघत राहिला, नुसता बघत राहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी माझा दंड करकचून धरला.

"मेरे से हुआ, साहब."

शेठ लगेच म्हणाला, कल से आ जाना. साहेब मात्र म्हणाला, या माणसाला माझ्या कापडाला हात लावू देऊ नका. शेठनं मान डोलावली, मेल्यानं!

बाहेर आल्यावर मी यांच्यावर ओरडले, "स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंत! लाज नाही वाटली?"

"मघापर्यंत चोर होतो," हे म्हणाले. "आता नुसता देवभोळा आहे. तेवढ्यावर घर चालतं."