मास्तरांचे दोघे

"तोंड दखाड, मंग बोल."

आमच्या शेजारच्या मास्तरांशी बोलायला गेलं की पहिलं वाक्य हेच. तोंड दाखव, मग बोल. लाइटबिल द्यायला आलेला माणूस असो, की वीस वर्षं शेजारी राहणारी मी असो. पाठीमागून कितीही हाका मारा, ढिम्म. समोर जाऊन उभं राहिलं की ओठ वाचायचे आणि इतकं चोख उत्तर द्यायचे की नव्या माणसाला शंकासुद्धा येऊ नये.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. सुरतेत कारखान्यातले बिघडलेले माग जो चालू करून देतो त्याला मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं ते मागांच्या खडखडाटात उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून घरी आले. आमच्या डिंडोली भागात असे पुष्कळ भेटतील तुम्हाला. आमचे हेही मागावरच होते, त्यामुळे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची मला सवय. बाकीचे लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मी ओरडत नसे. म्हणून आमचं जमलं. ते मला अक्का म्हणत, मी त्यांना भाऊ.

वहिनी गेल्यापासून एकटेच होते. मुलगी नंदुरबारला. दर रविवारी मोबाइलवर तोंड दाखवून म्हणायची, "आबा, इकडे या ना." मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "तठे मी काय करू? नुस्ता बशी ऱ्हाऊ?" खरंच आहे. ज्या माणसाला दिवसभर कोणी ना कोणी 'मास्तर, इकडे या' म्हणून बोलवायचं, त्याला आता कुणाला आपली गरजच नाही हे सोसवेना.

वेळ जावा म्हणून ते शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. एकदा जवळच्याच गोडादऱ्याच्या एका शिक्षिका बेनने बोलावलं. काम अर्ध्या तासाचं. सकाळी गेलेले मास्तर परत आले संध्याकाळी, आणि थेट माझ्या ओट्यावर.

"अक्का, घरी दोन जण आणतो आहे."

"कोण हो?"

त्यांनी ओंजळ करून दाखवली. एवढे. एक तपकिरी, एक काळा-पांढरा. गिनी पिग म्हणतात त्यांना. माझ्या सुनेने मोबाइलवर फोटो काढून दाखवला तेव्हा मला उलगडा झाला.

"भाऊ, लोक उंदीर घालवायला औषध आणतात. तुम्ही घरी पाळणार?"

"उंदीर कसा असेल? शेपूट कुठे आहे?" म्हणाले. झालं, विषय संपला.

बेनच्या नवऱ्याची बदली भावनगरला झाली होती आणि तिथल्या क्वार्टरमध्ये जनावर चालत नव्हतं. मागणारे बरेच होते, पण बेन पक्की. आधी घर बघेन, मग देईन. आपल्याकडे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घराची जी धावपळ होते ना, ती मास्तरांच्या घरात सुरू झाली. फरक एवढाच की मुलीच्या बापाच्या जागी मास्तर, आणि चुना मारायलाही मास्तरच.

पिंजरा स्वतः केला. चांगला पलंगाएवढा रुंद, कारण हे जनावर चढत नाही, पळतं. धाग्याचे कोन ज्या खोक्यांतून येतात तशी दोन खोकी आणून त्यांना दारं कापली.

"दोन घरं कशाला?"

"भांडण झालं तर एकाने जायचं कुठे? आमची एकच खोली होती, म्हणून सांगतो."

वाळलेलं गवत गवळ्याकडून मागवलं. दोन पेंढ्या नाकाला लावून परत केल्या, तिसरी ठेवली. उन्हाळ्यात पोटाखाली घ्यायला एक गार फरशी आणली. आणि हसू नका, पण जनावर यायच्या आधीच रोज सकाळी सातला ते रिकाम्या पिंजऱ्यात कोथिंबीर आणि ढोबळी मिरची ठेवायला लागले. हाताला सवय लागायला हवी म्हणे. थोडा वेळ समोर बसायचे, मग ती मिरची स्वतःच खायचे.

मऊ अंथरूण मात्र मी पुरवलं. मी घरी धागा कटिंगचं काम करते, साडीच्या मागचे लोंबते धागे कापायचे. गोणीभर कातरण पडलेलीच असते. मऊ म्हणजे रेशमासारखी. मास्तरांनी हात फिरवला, "बेस शे," छान आहे म्हणाले, आणि सगळा पिंजरा भरून टाकला.

बेन येणार त्याच्या आदल्या दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि नुसतं कानाला बोट लावलं.

"बेनला माहीत नाही, अक्का."

मशीन दुरुस्त केली त्या दिवशी बेन अख्खा वेळ समोर बसून बोलल्या होत्या, त्यांना पत्ताच लागला नव्हता. पण त्यांनी लिहून दिलेल्या यादीत होतं की हे प्राणी भूक लागली की शीळ घातल्यासारखे ओरडतात, तेव्हा लगेच बघावं.

"कळलं तर देणार नाहीत," मास्तर म्हणाले.

त्यांचा चेहरा बघून माझ्यातली मध्यस्थीण जागी झाली. म्हटलं, "लग्न जमवताना लोक मुलीचा चष्मासुद्धा लपवतात. मी बेनच्या मागे बसते. तुम्हाला काही कळलं नाही तर माझ्या ओठांकडे बघा." माझंच पाप सांगते आहे तुम्हाला.

रविवारी भर दुपारी बेन रिक्षातून उतरल्या. मे महिना, हातात झाकणाची टोपली. चहा झाला. बेनने खोकी पाहिली, फरशी पाहिली, खूश झाल्या. मग पिंजऱ्यात हात घालून धाग्यांचा गुंता वर काढला.

"काका, आ शुं छे? पगमां वींटळाई जाय तो पग जाय."

पायाला गुंडाळला तर पाय जाईल. मास्तर लालबुंद झाले. जन्मभर ज्या माणसाने गुंडाळलेला धागा दिसला की माग थांबवला, त्याने आणि जन्मभर धागेच कापणाऱ्या माझ्यासारखीने, पिंजरा भरून धागे घातले होते. त्यांनी सगळी कातरण दोन्ही हातांनी उपसली. कपाटातलं स्वतःचं थंडीतलं ब्लँकेट काढलं, त्याची कड ओढून धागा सुटत नाही ना ते पाहिलं, आणि कापून अंथरलं. बेन हसल्या. मला वाटलं, जमलं!

मास्तर कोथिंबीर आणायला आत गेले. बेनने टोपलीचं झाकण उघडलं, आणि तो तपकिरी असा काही किंचाळला की आमच्या घरातून सून धावत आली. मास्तर पाठ करून नळाखाली कोथिंबीर धूत राहिले. बेनने हाक मारली, "काका!" पुन्हा मारली. आणि मी शहाणी, त्यांच्या पाठीला ओठ हलवून दाखवते आहे.

बेनने वळून माझ्याकडे पाहिलं. "मासी, काकाने संभळातुं नथी?"

काकांना ऐकू येत नाही का, म्हणून विचारत होत्या. मास्तर वळले, आमचे चेहरे पाहिले आणि सगळं समजले.

"नाही येत ऐकू," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

बेनने हळूच झाकण ओढलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. म्हणाल्या, "आ तो बूम पाडीने ज मांगे, काका." हे ओरडूनच मागतात, तुम्हाला कसं कळणार?

मास्तरांनी मान हलवली. निरोप द्यावा तसा टोपलीवर तळहात ठेवला. आणि काढेचनात. आमच्या ह्यांचा डबा घेऊन जायचे तो कारखाना मला आठवला. बिघडलेल्या मागाच्या अंगावर ते असाच हात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि कुठे काय सैल झालंय ते सांगायचे.

"हा कोपऱ्यातला," ते म्हणाले, "धडधड फार आहे ह्याची."

ओरडत होता तपकिरी, म्हणून आम्ही सगळ्या त्याच्याकडेच बघत होतो. काळा-पांढरा कोपऱ्यात आडवा पडला होता, तोंड उघडं टाकून. रिक्षात उन्हाने तापला होता. मास्तरांनी कुणाची परवानगी विचारली नाही. गार फरशी पंख्याखाली ओढली, त्याला वर ठेवलं, ओल्या फडक्याने कान आणि पाय पुसत राहिले.  दहा मिनिटं गेली. मग तो उठून बसला, फरशीवरचं पाणी चाटलं, आणि कोथिंबिरीचं एक पान ओढून घेतलं.

बेनने पर्समधून पेन काढलं. भिंतीवर चिकटवलेल्या यादीतली ओरडण्याची ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, रोज दोनदा हात ठेवून बघणे. मग रिकामी टोपली घेऊन, डोळे पुसत, रिक्षात बसल्या.

त्यानंतर मास्तरांना फुरसत म्हणून राहिली नाही. मुलीचा रविवारचा फोनसुद्धा "यांची जेवायची वेळ झाली" म्हणून मध्येच ठेवायचे. पोरीला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मला म्हणाले, "अक्का, नंदुरबारला जातो. माझं काही नाही, पण या दोघांना इथला उकाडा सोसत नाही. मुलीच्या घरी खाली मोकळी जागा आहे, शहाबादी फरशी आहे." नंदुरबारचा उन्हाळा सुरतेपेक्षा कडक, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र मान हलवली. म्हटलं, "त्यांच्यासाठी तरी जायलाच पाहिजे, भाऊ."

आता त्यांच्या घरात ओडिशाचं एक कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत.

परवा मुलीने व्हिडिओ पाठवला. अंगणात नुसत्या फरशीवर ते दोघे कारण नसताना जागच्या जागी उड्या मारताहेत. खूश झाले की हे असं करतात, बेन म्हणाल्या होत्या. मास्तर कुठे दिसत नाहीत, कडेला फक्त त्यांची पावलं दिसतात, आणि तीही स्वस्थ नाहीत. मागे नातवंडांचा नुसता गोंगाट. मी आवाज पूर्ण बंद केला, आणि मास्तर बघतात तसा पहिल्यापासून पुन्हा पाहिला.