धाकटीचा एसी आणि माझा एसी

धाकट्या जावेनं एसी घेतला आणि माझी सासू माझ्या हातून गेली. तसं नाही हो, ठणठणीत आहेत त्या. गेल्या म्हणजे दुपारच्या वरच्या मजल्यावर गेल्या.

करंजाड्यात आमची इमारत. सासऱ्यांची शेती सरकारी प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डरनं ही बांधली आणि दोन्ही भावांना एकेक फ्लॅट आला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, धाकटे दीर-जाऊ तिसऱ्यावर. सासूबाई आमच्याकडे, कारण थोरल्याकडेच राहायचं हा त्यांचाच हट्ट. त्यांचा सकाळचा चहा मी करायचा, गोळ्या मी काढून द्यायच्या, आंघोळीचं पाणी मी काढायचं. आणि दुपारचं जेवण झालं की पदर सावरत ह्या निघाल्या जिन्यानं. "येतंय गो जरा वरशी." जरा कसलं! उतरायच्या त्या थेट चहाला.

मी पडले घाटावरची. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण ह्या घरातली बोली काही माझ्या जिभेवर बसली नाही. धाकटी मात्र इथलीच, खाडीकाठच्या गावातली. ती आणि सासूबाई बोलायला लागल्या की मला निम्मं कळतं, आणि त्या हसतात ते नेमकं उरलेल्या निम्म्यावर. ते हसणं जिन्यातून खाली यायचं. मग माझ्या हातून भांडी जरा जोरातच आपटायची.

तरी मी मनाची समजूत घातली होती की हे सगळं एसीमुळे. म्हातारं माणूस, उन्हाळ्याचं गारव्याला जाणारच. मग आपणही गारवा आणू की! नवऱ्याच्या मागे लागले. तो म्हणाला, "अगं, पंखा आहे ना." म्हटलं, "पंख्याखाली तुझी आई थांबत नाही."

एसी आला. बसवायला आलेल्या मेकॅनिकनं आधी भिंतीवरचा प्लग पाहिला आणि मान हलवली. "ताई, ह्याच्यावर लोड नाय चालणार, वायर तापेल. मेनपासून वेगळी लाइन ओढायला लागेल." ओढा म्हटलं. मग म्हणाला, बाहेरचं युनिट बेडरूमच्या मागे डक्टमध्ये लावू, पाइप आखूड पुरेल. मी म्हटलं, "छे! पुढे लावा, गेटमधून दिसलं पाहिजे."

"पाइप लांबेल, ताई."

"लांबू दे." डक्टमधलं युनिट धाकटीला दिसणार कसं?

तांब्याचे पाइप अख्ख्या हॉलला वळसा घालून गेले. ते जोडून झाल्यावर त्यानं पंप लावला आणि आतली हवा ओढून काढत बसला. आत हवा किंवा ओल राहिली तर मशीन खराब होतं म्हणे. मला वाटलं होतं बटण दाबलं की झालं! इकडे जेवणं आटोपलेली, सासूबाई बडीशेप चघळतायत, आता उठतील, मग उठतील. मी आधीच सांगून ठेवलं, "आई, थांबा हं, तुमच्याच हातानं सुरू करायचाय." पंप बंद केला तरी हा मीटरचा काटा बघत बसला. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. काटा जागचा हलेना आणि माझा जीव जागेवर राहीना.

शेवटी व्हॉल्व्ह उघडले. सासूबाईंनी एसीला हळदकुंकू लावलं, रिमोटलाही लावलं. मी बाहेरच्या युनिटला लिंबू-मिरची बांधली. कोणाची नजर लागणार ते मनातच ठेवलं. बटण दाबलं, वारा आला, पण नुसता कोमट. माझं तोंडच उतरलं.

"बोल्लो होतो ना, पाइप लांबेल म्हणून," मेकॅनिक म्हणाला. "मशीनमधला गॅस एवढ्या पाइपला पुरत नाय. वरून भरायला लागेल." त्यानं सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि थोडा थोडा गॅस सोडला. हळूहळू खोली गार झाली. वरच्यापेक्षा काकणभर जास्तच, अशी माझी खात्री होती.

मेकॅनिक गेला. सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. बाहेर गरम हवेच्या झोतानं लिंबू जाळीवर टकटक आपटत होतं.

"कोन आयलाय गो?"

"कोणी नाही, आई. तुम्ही पडा जरा."

त्यांनी पदर कानावरून घेतला. मग गुडघे चोळायला लागल्या. "थंड हाय गो, लय थंड हाय. पोरांना बरा हाय." आणि उठल्या की!

"निघालात कुठं?"

"वर."

"अहो, वरही एसीच आहे ना!" माझा आवाज चढलाच.

"ती दुपारची बंद करतं. थंडीनं माजे गुरघे धरतान ना," असं म्हणत जिना चढल्यासुद्धा.

मी तिथेच उभी. त्यांचे गुडघे थंडीनं धरतात हे धाकटीला माहीत, आणि त्याच गुडघ्यांच्या गोळ्या रोज हातावर ठेवणाऱ्या मला माहीत नाही? मला नको का कोणी सांगायला! इतके दिवस मी एका यंत्रावर जळत होते. ते एक बरं होतं, यंत्र दुकानात तरी मिळतं.

एसी बंद केला आणि वर गेले. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू तरी. दार नुसतं लोटलेलं होतं. एसी खरंच बंद, खिडक्या उघड्या, पंखा चालू. जमिनीवर चटई, तिच्या मधोमध सासूबाईंना डोळा लागलेला. शेजारी धाकटी कुशीवर पडलेली, तिचा एक हात त्यांच्या गुडघ्यावर.

तिनं डोळे उघडले. मला वाटलं आता दचकून उठेल, काय झालं विचारेल. ती हळूच म्हणाली, "पडा ना, ताई. चटई मोठी हाय."

जागा तिच्या बाजूलाही होती. मी वळसा घालून पलीकडे गेले, सासूबाईंना लागून आडवी झाले आणि त्यांच्या दुसऱ्या गुडघ्यावर माझा हात ठेवला.